थार, जिप्सी आणि सोसायटीचं पार्किंग

मे उजाडला की एसी थंड होत नसल्याची पत्रं बंद होतात आणि स्नॉर्केलची, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीची, सुरू होतात. या वेळी निवड करताना मी एकच चाळणी लावली: गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, हवी आणि मालकाची स्वतः पाना हातात घ्यायची तयारी हवी. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड शिकवताना पहिल्या दिवशी मी पोरांना गाडीखाली झोपायला लावत असे. तुम्हालाही आज बऱ्याच ठिकाणी तेच सांगणार आहे, तेव्हा जुने कपडे काढून ठेवा.

प्रश्न : माझी २०२२ची थार डिझेल, एलएक्स. ऑफिसला जाताना पावसात तुंबणारं हिंदमाता ओलांडावंच लागतं. मित्र म्हणतात, स्नॉर्केल बसव, मग कितीही पाणी असू दे. घरच्या घरी बसवता येईल का? (परळ)

बसवता येईल, पण आधी टेप घ्या आणि बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यापासून नळी चाचपत उलटं जा, हवा ओढणारं तोंड नेमकं कुठे आहे ते शोधा आणि तिथून जमिनीपर्यंतची उंची मोजा. थारसाठी कंपनीने पाण्याची मर्यादा दिली आहे ६५० मिलिमीटर. तुमच्या २५५/६५ आर१८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. म्हणजे टायरच्या वरच्या काठाखाली तेरा-चौदा सेंटिमीटरवर पाणी आलं की मर्यादा संपली. तीही संथ पाण्यातली. शेजारून बेस्टची बस गेली की उठणारी लाट तुमचा टेप बघून उठत नाही.

इंजिनात पाणी गेलं तर काय होतं ते समजून घ्या, म्हणजे मित्रांना उत्तर देता येईल. पिस्टन वर येताना हवा दाबतो. पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारायचा नाही, एकदासुद्धा नाही. ढकलून कोरड्यात घ्या आणि एअर फिल्टर उघडा. कागद ओला लागला तर गाडी टो करूनच न्यायची. साधी विमा पॉलिसी हे नुकसान सहसा भरून देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. ते घेतलंय का, हे स्नॉर्केल मागवण्याआधी कागद काढून बघा.

आता स्नॉर्केल. मडगार्डला भोक पाडलं की वॉरंटीचा प्रश्न येतो, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बसवलाच तर त्याचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा, नाहीतर ती दाराशेजारची नुसती शोभा. तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला ठेवा आणि स्नॉर्केलच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा दाबून धरा. इंजिन काही सेकंदांत गुदमरून बंद पडायला आलं पाहिजे. आरामात चालत राहिलं तर खाली कुठूनतरी हवा घेतंय, आणि जिथून हवा येते तिथूनच पाणी येणार.

स्नॉर्केलवाले जे सांगत नाहीत ते पुढे आहे. इंजिनाचा श्वास वर नेलात, पण दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या तोट्या, कुठे आहेत? गाडी तासभर चालली की त्यांचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चांगलंच तापतं. तसंच ते गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असला किंवा चिखलाने बुजला असला तर ती ओढ ऑईल सीलवर येते आणि सीलमधून पाणी आत जातं. त्या दिवशी काही कळत नाही. काही महिन्यांनी क्राऊन-पिनियन किंवा बेअरिंग घोंघावायला लागतं आणि मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, पूर्ण काम निघालं."

तेव्हा खोल पाण्यातून गाडी काढली की त्याच आठवड्यात गिअर ऑईल बघा. डिफरन्शियलचा वरचा फिलर प्लग आधी सैल करायचा, खालच्या ड्रेनला हात नंतर. उलट्या क्रमाने गेलात आणि फिलर गंजून जाम निघाला, तर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. फिलरमधून बोट घालून तेल बाहेर काढा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, सगळं तेल बदलायचं. डिफरन्शियलला सहसा ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ लागतं. पण उरलेलं तेल वाया कशाला घालवायचं म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण त्यांच्यातल्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मधली रसायनं सोसत नाहीत. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला, ट्रान्सफर केसलाही.

ब्रीदर वर नेणं हे मात्र खरोखर घरी करण्यासारखं, स्वस्त आणि उपयोगाचं काम. तेल सोसणारी रबराची नळी घ्या (नागदेवीला मापाने मिळते), ब्रीदरच्या तोटीवर क्लिपने घट्ट बसवा, ब्रेकच्या पाइपाच्या वाटेने वर न्या आणि इंजिनच्या वरच्या बाजूला छोटा फिल्टर लावून सोडा. ॲक्सल वर-खाली होतो, म्हणून नळीला सैल वळसा ठेवा. सायलेन्सरपासून लांब.

आणि हिंदमाताचं म्हणाल तर महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या आहेत. त्यांना त्यांचं काम करू द्या, तोवर ऑफिसात चहा घ्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तशा दिवशी कुठल्याही गाडीची कुठलीही मर्यादा कामाची नाही, आणि पाण्याखालचं उघडं मॅनहोल फोर बाय फोरलाही दिसत नाही.

प्रश्न : पावसात फ्रीवेवर पकड चांगली राहावी म्हणून जिम्नी फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद) चालवतो. बरोबर ना? (घाटकोपर)

नाही. जिम्नी, थार, जिप्सी यांच्यात पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात किंवा मुरमावर हा फरक चाकं घसरून भरून निघतो. डांबरावर, ते ओलं असलं तरी, चाकाला पुरेसं घसरता येत नाही आणि सगळा पीळ प्रॉपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर बसतो. लिव्हर अडकतो तो याच पिळामुळे. तसा अडकला तर ओढाताण न करता गाडी थोडी सरळ रिव्हर्स घ्या, सुटतो. महिन्यातून एकदा मातीच्या मैदानावर फोर-एच आणि फोर-एल (हळू पण जास्त जोराचा) घालून थोडं चालवत मात्र जा. वर्षभर न वापरलेला फोर बाय फोर नेमका गरजेच्या दिवशी लागत नाही.

प्रश्न : १९९८ची जिप्सी आहे. साठच्या आसपास वेग गेला आणि खड्डा आला की स्टिअरिंग इतकं थरथरतं की गाडी थांबवावी लागते. गॅरेजवाला म्हणतो जाड स्टिअरिंग डॅम्पर टाकू. टाकू का? (वसई)

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचा शॉक ॲब्सॉर्बर, थरथर दाबतो, तिचं मूळ कारण तसंच ठेवतो. आणि हे दुखणं दाबून ठेवण्यासारखं नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत एका चाकाचा हिसका दुसऱ्याला पोचतो आणि दोन्ही चाकं एकमेकांना हलवत राहतात. ढिलाई कुठे आहे ते शोधायला एक सुट्टीची सकाळ आणि एक मदतनीस पुरे.

सुरुवात टायरपासून. हवा सारखी आहे का, बॅलन्सिंग झालंय का, कुठे फुगवटा आहे का. पुढचे टायर मागे टाकून बघा. थरथरीचा वेग बदलला किंवा ती गेली तर टायर किंवा रिमच दोषी.

तसं नसेल तर मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा. एक हात टायरच्या वर, एक खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. खुटखुट लागते? आता मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खुटखुट गेली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिनचं, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं, बेअरिंग गेलंय. कारण ब्रेक दाबला की डिस्क नकलला (चाक धरणाऱ्या, वळणाऱ्या भागाला) जखडली जाते आणि बेअरिंगचा खेळ झाकला जातो, उरतो तो फक्त किंगपिनचा. माझ्या अनुभवात एवढ्या वयाच्या जिप्सीत बहुतेक वेळा किंगपिनच निघतो. नकलच्या गोळ्यावरचा वायपर सील फाटलेला असतो, चिखल आत जातो, ग्रीसचा लगदा होतो आणि बेअरिंगच्या कपावर रोलरचे खड्डे पडतात. स्टिअरिंग सरळ असताना "खाच" लागल्यासारखं वाटतं ते त्या खड्ड्यांमुळे.

मग हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा, टाय रॉड एंडचा खेळ कळेल. नंतर गाडी जमिनीवर ठेवून मदतनीसाला स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे झुलवत ठेवायला सांगा आणि तुम्ही खाली पडून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. डोळ्याआधी बोटाला कळतं. ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट, कमानीच्या पाट्याचे बुश, शॅकलच्या (कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) पिना, यू-बोल्ट. मागच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल घातले असतील तर तेही बघा. त्याने कॅस्टरचा, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कललेला, कोन बिघडतो आणि चाक सरळ राहायची सवयच सोडतं.

व्हील बेअरिंग साफ करणं, ग्रीस भरणं, टाय रॉड एंड बदलणं घरी होतं, टाय रॉड एंड बदलल्यावर टो-इन (पुढच्या चाकांची दिशा) तेवढं मशीनवर करून घ्या. किंगपिन खोलता येतो, पण शिम घालून त्याचा ताण जुळवायचा असतो आणि तो स्प्रिंग काट्याने मोजतात. पुस्तक आणि काटा नसेल तर जिप्सीचं काम केलेल्या माणसाकडे जा. सील, बेअरिंग दोन्ही बाजूंची एकदम बदला. हे सगळं झाल्यावर डॅम्पर टाकायचा तर टाका, माझी हरकत नाही. पण तेव्हा साधा पुरेल.

प्रश्न : जिम्नीला २३५/७५ आर१५ मड टेरेन टायर टाकायचे आहेत. मूळ १९५/८० आर१५ आहेत. लिफ्ट किट लागेल का? (ठाणे)

आधी वहीवर करा. १९५चे ८० टक्के १५६, दोन्ही बाजू मिळून ३१२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की मूळ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर. तुम्हाला हवा असलेला ७३३.५. जवळजवळ सहा टक्के मोठा. म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी मूळ टायरच्या तुलनेत १०६च्या हिशेबाने धावत असेल. गिअर तेवढेच उंच झाले, ब्रेकवरचा भार वाढला, आणि जिम्नीच्या दीड लिटर इंजिनात फार शिल्लक नसते. कसारा चढताना दुसऱ्या गिअरमध्ये आठवण येईल. शिवाय पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो, म्हणून मग लिफ्ट किट, म्हणून मग कॅस्टर जुळवायचे बुश, म्हणून मग लांब ब्रेक होज. एका टायरपायी चार खर्च.

आणि एवढं करून गाडीचं पोट किती उचललं? व्यासाच्या वाढीच्या निम्मं. वीस मिलिमीटर.

२१५/७५ आर१५ घेतलात तर व्यास ७०३.५ होतो, वाढ दीड टक्का, सहसा काही कापावं-उचलावं लागत नाही. तोही ऑल टेरेन घ्या. मड टेरेनचे मोठे ठोकळे मुरबाडच्या चिखलात छान, पण तुमची गाडी आठवड्याचे पाच दिवस ओल्या काँक्रीटवर धावते, आणि तिथे त्या ठोकळ्यांची पकड कमी आणि आवाज जास्त. पाचही टायर एकाच मापाचे घ्या आणि स्टेपनीसकट फिरवत राहा. जड स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर लटकते, तिथले बोल्ट मधूनमधून आवळा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला की विमा कंपनीही हाच मुद्दा काढते.

खरी पकड वाढवायची असेल तर एक चांगला प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर घ्या. चिखलात, मऊ मातीत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, आणि तो फरक टायरच्या मापाने पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. डांबरावर यायच्या आधी हवा पुन्हा भरायची. कंप्रेसर मोठा असेल तर डॅशबोर्डच्या सॉकेटला लावू नका, फ्यूज उडतो. चिमटे थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून.

प्रश्न : बंपरसमोर लोखंडी बुल बार आणि त्यावर १२० वॉटचा एलईडी बार लावतोय. हेडलाइटच्या वायरवरूनच कनेक्शन घेऊ का? (कांदिवली)

बुल बार नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. दंडाचं सोड, धडक बसल्यावर पुढचा भाग जसा चेपला जायला हवा तसा तो चेपू देत नाही, एअरबॅगचं गणित चुकतं आणि पादचाऱ्याला लोखंड लागतं ते वेगळं.

दिव्याचं: १२० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे १० अँपिअर. हेडलाइटची वायर यासाठी नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरातच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीच स्क्वेअर एमएमची ऑटो वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७वरून दिव्याला. ८५ बॉडीला अर्थ, ८६ला डॅशबोर्डवरच्या स्विचची बारीक वायर. रिले आणि सॉकेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतील, हीट श्रिंक लोहार चाळीत. घरातल्या फिटिंगची उरलेली वायर वापरू नकोस, बॉनेटखालचं तेल, उष्णता आणि थरथर तिला सोसत नाही. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. तो नसला की पत्रा वायर कापतो, आणि फ्यूज बॅटरीपाशी नसला तर गाडी पेटते. काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी लावायचा. रस्त्यावर बार बंद आणि झाकलेला. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला दोन डोळेच आहेत.

प्रश्न : थार डिझेल बीएस-६. चेंबूर ते बीकेसी रोज येजा. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. क्लीनरची बाटली टाकीत ओतू का? (चेंबूर)

बाटली राहू द्या, गाडी पळवा. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. बीकेसीच्या सिग्नलवर ते कुठून येणार? गाडी काजळी जाळायला घेते, तेवढ्यात तुम्ही ऑफिसच्या तळघरात शिरून चावी फिरवता. असं अर्धवट पुन्हा पुन्हा झालं की जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल पिस्टनच्या बाजूने खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा. ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वर चढलेली आणि डिझेलचा वास, असं असेल तर ऑईल लगेच बदला, पातळ झालेलं ऑईल टर्बोच्या बेअरिंगचं रक्षण करत नाही.

उपाय तुमच्या दारात आहे. ईस्टर्न फ्रीवे, १६.८ किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर जाऊन या, वेग साठ-सत्तर, टॉप गिअर टाळून एक गिअर खाली, म्हणजे इंजिनचे फेरे जरा जास्त राहतील. सलग वीसेक मिनिटं मिळाली पाहिजेत. दिवा लागलेला असेल तर तो जाईपर्यंत गाडी थांबवू नका. लुकलुकायला लागला किंवा इंजिनची ताकद कमी झाली तर मात्र सर्व्हिस सेंटर. इंजिन ऑईल कमी राखेचं, पुस्तकातल्या ग्रेडचंच घ्या, साध्या ऑईलची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. आणि "डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि त्याचा धूर तुमच्या मागच्या गाडीतल्या पोराच्या नाकात जातो.

प्रश्न : सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये बॉनेटसुद्धा उघडू देत नाहीत. मी मुलगी असून गाडीखाली झोपते याचा जास्त त्रास होतो की तेलाच्या डागांचा, कळत नाही. काय करू? (बोरिवली)

पहिल्याचं औषध माझ्याकडे नाही, वय वाढलं की लोकांना सवय होते एवढं सांगते. दुसऱ्याचं आहे. कामांची वाटणी कर. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, कूलंट बघणं, शॅकल आणि क्रॉसच्या निपलना ग्रीस मारणं, टायर फिरवणं ही पार्किंगातली कामं. खाली जाड पुठ्ठा, त्यावर जुनं बॅनरचं कापड, डाग पडायचं कारण नाही. ऑईल बदलणं, ब्रेक फ्लुइड, गिअर ऑईल ही कामं ओळखीच्या गॅरेजात, तासाचं भाडं देऊन स्वतः कर. ब्रेक फ्लुइड रंग उडवतं आणि काढलेलं ऑईल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते गटारात ओतायचं नाही, ज्या गॅरेजातून ते अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे जातं तिथेच द्यायचं.

एक गोष्ट सेक्रेटरींनी विचारलेली नाही, पण मी विचारते. पेव्हर ब्लॉकवर घोडी लावतेस ना? घोडीचे पाय बारीक असतात, ब्लॉक हलतो किंवा खचतो. खाली अठरा मिलिमीटरचा प्लायचा तुकडा हवा. आणि नुसत्या जॅकवर गाडी असताना कमरेइतकंसुद्धा आत जायचं नाही, "एकच बोल्ट आहे" म्हणूनही नाही. काढलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवून ठेव.

प्रश्न : स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या) आहे. थारला रूफ रॅक बसवू का? (लोअर परळ)

पार्किंगच्या खांबावर उंची आणि वजनाची पाटी असते, ती वाचा. थार मुळातच १.८ मीटरच्या वर आहे. रॅक, त्यावर जेरी कॅन, आणि वजन प्लॅटफॉर्मच्या मर्यादेत बसतंय का ते पण जोडा. नाही बसलं तर काढता-घालता येणारा रॅक, किंवा सामान आत.

प्रश्न : मी कोळी, वर्सोव्याचा. महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, जेट्टीवरून बर्फ-मासळीचे टब तिच्यातूनच आणतो. खालून फार सडली आहे. गॅरेजवाला म्हणतो काळा डांबरी कोट मारून टाकू, नाहीतर जुनं इंजिन ऑईल फवारू. आरटीओचं पासिंगही जवळ आलंय.

दादा, दोन्ही नको. गंजावर डांबरी कोट मारला की मीठ आणि ओल आत बंद होते. वरून गाडी काळीभोर दिसते आणि आतून पापुद्रा सुटत राहतो. वर्षाने स्क्रू ड्रायव्हर टोचलात तर आरपार जाईल. जुन्या इंजिन ऑईलने कमानीचे रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगतात, उरलेलं पावसात गळून खाडीत जातं, आणि तिथलीच मासळी तुम्ही विकता.

तुमच्या गाडीचा शत्रू समुद्राच्या वाऱ्यापेक्षा टबमधून गळणारं खारं पाणी आहे. ते मागच्या फळीच्या सांध्यातून थेट चॅसीच्या आडव्या पट्टीवर पडतं. आधी तिथे बघा. टबखाली कडा असलेला फायबरचा ट्रे टाका, त्याला एका कोपऱ्यात नळी, पाणी गाडीच्या बाहेर पडेल अशी. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा पाइप गाडीखालून फिरवा, चॅसीच्या पोकळीच्या भोकांतूनही. तळाची ड्रेनची भोकं तारेने मोकळी करा, ती बुजली की चॅसी आतून पाण्याची टाकी होते.

मग हातोडी घ्या आणि चॅसीवर वीतभर अंतराने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड आहे. भद्द आवाज आला किंवा हातोडी रुतली तर तिथे वेल्डिंगचं काम, आणि ते चॅसीचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडूनच. नुसता वरचा गंज असेल तिथे तारेचा ब्रश, मग गंज रूपांतर करणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण, ते पुसून-सुकवून इपॉक्सी प्रायमर, वर रंग. पोकळ्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्सची फवारणी.

एका जागी ग्राइंडर अजिबात लावू नका: चॅसी नंबर ठोकलेला असतो तिथे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना इन्स्पेक्टर तो नंबर बघतो, त्याचा छाप घेतला जातो. ग्राइंडरने अक्षरं पुसट झाली तर "नंबर खोडला" असा संशय येतो आणि मग फेऱ्या मारत बसा. तिथे रॉकेल आणि दाताचा जुना ब्रश, हळूहळू, आणि स्वच्छ झाल्यावर ग्रीसचा पातळ हात.

सगळ्यात आधी मात्र ब्रेकचे लोखंडी पाइप. क्लिपखाली, जिथे दिसत नाही तिथे ते गंजून पातळ होतात आणि जोरात पाय दिला की फुटतात. तांबं-निकेलचे पाइप मिळतात, ते गंजत नाहीत, हाताने वाकवता येतात, टोकं फ्लेअर करून घ्यायची. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. नवीन फ्लुइड सीलबंद बाटलीतलं, कारण ते हवेतली ओल शोषतं, आणि वर्सोव्याच्या हवेत ओलीला तोटा नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे गाडीही बरीच मोकळी. त्या दोन महिन्यांत ब्रेकचे पाइप, कमानीचे बुश, जाम झालेले बोल्ट आणि वेल्डिंग उरकून घ्या. पासिंगची तारीख त्यातच येत असेल तर क्रम हाच ठेवा. रंगाचं काम पावसात नको, ओल्या हवेत प्रायमर धरत नाही. तोवर साफ केलेल्या भागाला ग्रीस किंवा लॅनोलिनचा हात देऊन ठेवा, आणि दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडलं की ते रॉकेलने पुसून प्रायमर मारा.